बांधकामाचं साल

बँक लोनसाठी घरांचं व्हॅल्युएशन करणं हा माझा धंदा. लोकांना वाटतं हे येतात, चार फोटो काढतात आणि आकडा टाकतात, आणि पॅनलवरचे काही जण गाडीतून न उतरता तेवढंच करतात म्हणा.

मागच्या आठवड्यात सोलापुरात अशोक चौकाजवळ एका पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातल्या कुटुंबाकडे गेलो. तिघं भाऊ, थोरला इथं, दोघं पुण्यात. थोरल्याला लोन काढून दोघांचे हिस्से घ्यायचेत, नाहीतर घर बिल्डरला जाणार, शेजारची दोन घरं गेलीच, तिथं आता खाली पार्किंग वर फ्लॅट. वारसनोंद मात्र झालेली, अशा घरांत हे नवलच.

टेप लावल्यावर कळलं की हे एक घर नाहीच. मागची खोली दगडमातीची, भिंत १८ इंची, शहाबादी फरशी एका जागी खचलेली. तिथं मागाचा खड्डा होता म्हणे. आज्जीचे सासरे जुन्या मिलमध्ये कामाला, तीच १८७७ची, सोलापूरची पहिली कापडगिरणी, आणि पाळी संपवून घरी आले की परत हातमागावर बसायचे. मधला पत्र्याचा शेड पॉवरलूमचा, माग भंगारात गेले पण काँक्रीटमधून कापलेले बोल्ट अजून पायाला लागतात, वर अँगलवर जकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, बसवलेल्या खुणा. पुढचा भाग आरसीसी, नव्वदनंतरचा.

थोरला म्हणाला, "हे चादरीच्या पैशातून बांधलं सर."

आज्जी आतून म्हणाली, "चादरीचं सगळं लाईटबिलात गेलं की रे. हे माझ्या बिड्यांचं आहे."

फॉर्ममध्ये बांधकामाच्या सालाला एकच रकाना. सगळ्यात जुनं साल टाकलं तर घसारा, म्हणजे वयामुळे होणारी घट, जाऊन बांधकामाच्या किमतीचे १० टक्केच उरतात, लोन कमी बसतं, हिस्से होत नाहीत. नवं टाकलं तर खोटं. म्हणून मी तीन भाग वेगळे मोजले, प्रत्येकाचा प्लिंथ एरिया, म्हणजे बांधकामाचं क्षेत्रफळ, प्रत्येकाचा घसारा, असं मन लावून केलेलं काम फार दिवसांनी झालं होतं. ब्रँचनं परत पाठवलं, "सर, सिस्टीम एकच साल घेते." पोरगा चांगला आहे, पण सोलापुरात बसून त्यानं माग बघितलेला नाही.

एरियाप्रमाणे सरासरी काढा म्हणतोय. काढली. जे साल आलं त्या साली त्या घरात कुणी एक वीटही लावलेली नाही. अजून सही केलेली नाही. थोरल्याचा रोज फोन, "सर, बघा की काय होतंय का." सोमवारी रिपोर्ट द्यायचाय आणि धाकट्यानं बिल्डरचा माणूस त्याच दिवशी बोलावलाय.