रबराच्या आतली मातीची रेघ

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन दिवस राहिले होते. आमच्या अमळनेरात त्या दिवसांत दुपारी बारा ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही, पण गॅरेजवर मात्र रीघ असते. लेकीबाळींना माहेरी आणायचं असतं, म्हणून वर्षभर कुरकुरणारी गाडी सगळ्यांना त्याच आठवड्यात धड करून हवी असते. दिवेलागणीला मी शटर ओढायच्या बेतात असताना जिभाऊ गाडी ढकलत आले. बोरी नदीच्या पलीकडच्या एका गावाहून ते रोज दूध आणतात. गाडी २०१४ची स्प्लेंडर, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन.

"भाऊ, गाडी परत ठक ठक करस. धूर बी मारस," ते म्हणाले.

त्या 'परत'ने माझ्या पोटात गोळा आला. आठ महिन्यांपूर्वी, गणपतीच्या आसपास, याच गाडीचं बोअर-पिस्टनचं काम मी केलं होतं, म्हणजे पिस्टन ज्या नळकांड्यात वर-खाली होतो ती बोअर कापून घेतली होती. मूळ मापापेक्षा ०.२५ मिलिमीटर मोठा पिस्टन, त्याच्या नव्या रिंगा, व्हॉल्व्ह सील, सगळं नवीन. असं काम दोन-तीन वर्षं तरी हलू नये. जिभाऊंनी वाटेत एका गॅरेजवर गाडी दाखवली होती. तिथे त्यांना सांगितलं, कनेक्टिंग (पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा) गेली, क्रँक काढावा लागेल, फुल इंजिन करा. तो खर्च ऐकून ते माझ्याकडे ढकलतच आले. "तुनाच हातनं काम शे ना?" एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

गाडी गरम होती, म्हणून मी तेव्हा हात लावला नाही. धुळ्याला ज्या उस्तादांकडे मी काम शिकलो, त्यांचा दंडक होता की आवाज दोनदा ऐकायचा, एकदा थंड इंजिनावर आणि एकदा तापल्यावर. दोन्ही ऐकल्याशिवाय पाना उचलायचा नाही. गाडी रात्रभर गॅरेजात राहिली.

सकाळी साडेसहाला, रस्त्यावर वर्दळ सुरू व्हायच्या आत, मी किक मारली. आवाज लगेच आला. भरीव, बोथट, लाकडी ओंडक्यावर हातोडीच्या दांड्याने मारावं तसा. टॅपेटचा, म्हणजे वर व्हॉल्व्हपाशी होणारा, आवाज असा नसतो. तो बारीक आणि टणक असतो, आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो म्हणून तो क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच येतो. टायमिंग चेन असेल तर खळखळते, आणि थ्रॉटल सोडला की जास्त ऐकू येते. लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन मूठ कानाच्या हाडाला लावली आणि टोक आधी टॅपेट कव्हरवर, मग ब्लॉकवर, मग खाली क्रँककेसवर टेकवलं. सगळ्यांत ठळक आवाज ब्लॉकवर होता. क्रँककेसवर तो लांबून आल्यासारखा वाटत होता.

इंजिन तापल्यावर आवाज निम्म्यावर आला, आणि तिथेच माझा संशय पक्का झाला. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापला की बोअरच्या आतल्या बिडाच्या लायनरपेक्षा जास्त फुगतो, मधली फट कमी होते, म्हणून पिस्टनचं आपटणं गरम इंजिनात दबतं. कनेक्टिंगच्या बेअरिंगचं उलटं असतं. तापून ऑइल पातळ झालं आणि गाडीवर ओझं आलं की ती जास्त ठोकते. मी गिअर टाकून, मागचा ब्रेक दाबून, क्लच हळूहळू सोडत इंजिनावर जोर दिला. ठोका जड झाला नाही. मात्र सायलेन्सरमधून निळा धूर निघाला, आणि तो थ्रॉटल ओढलेला असताना. व्हॉल्व्ह सील गेलं असतं तर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर झोत आला असता. खात्रीसाठी प्लग काढला, भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि किक मारून पाहिली. मघाशी पायाखाली पोकळ जाणारी किक आता अडू लागली. म्हणजे कॉम्प्रेशन रिंगांजवळूनच निसटत होतं.

मग ऑइल काढलं. या इंजिनात ९०० मिली घालतो, बाहेर जेमतेम निम्मं आलं. काळं तर होतंच, पण दोन बोटांत चोळलं तेव्हा ते कचकचलं, बाजरीच्या भाकरीत खडा यावा तसं. ऑइल काळं होणं मी रोज बघतो. कचकचणारं ऑइल पाहून मात्र मी तसाच उकिडवा बसून राहिलो. क्लचच्या बाजूचं झाकण उघडून फिरता फिल्टर पाहिला, त्याच्या कडेला राखाडी लगदा घट्ट बसला होता.

हेड आणि ब्लॉक उतरवायला फार वेळ लागला नाही. आधी कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढून पाहिला. खेळ अजिबात नव्हता. बाजूला थोडा हलतो, तो हलायलाच हवा. नुसता बाजूचा खेळ पाहून कितीतरी चांगले क्रँक आमच्या धंद्यात भंगारात जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. जिभाऊंचा क्रँक शाबूत होता.

ब्लॉकची गोष्ट वेगळी होती. वरच्या कडेखाली नख फिरवलं तर पायरी लागत होती. जुनी रिंग खाली, जिथे झीज कमी असते, तिथे सरळ बसवून तोंडातली, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली, फट फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजली, ती ०.४५ मिलिमीटर भरली. तीच रिंग वर, पिस्टन जिथून परततो तिथे ठेवली, तर ०.९०. फरक ०.४५, हा परिघातला, त्याला ३.१४ ने भागलं की व्यासातला फरक मिळतो. वरती बोअर ०.१४ ने मोठी झाली होती. मोठी मापयंत्रं नसलेल्या माझ्यासारख्या गॅरेजवाल्याला हा हिशेब फार उपयोगी पडतो. आणि हे सगळं आठ महिन्यांत! पिस्टनवर सीझ झाल्याची चिकटलेली खूण नव्हती. उभ्या बारीक रेघा होत्या आणि सगळं अंग पॉलिश पेपरने घासल्यासारखं मंद झालं होतं.

नुसतं ऑइल कमी पडलं असतं तर आधी वरचे कॅम आणि रॉकर खराब झाले असते, कारण ऑइल तिथे सगळ्यांत शेवटी पोचतं. ते ठीक होते. झीज बोअरच्या वरच्या भागात, म्हणजे हवेबरोबर धूळ आत येत होती. काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात पिठासारखी उडते, आणि जिभाऊंचे पहिले चार किलोमीटर शेतरस्त्याचे, पुढे ट्रॅक्टर असला की समोरचं काही दिसत नाही असे. पण एअर फिल्टर काढला तर तो चांगला. मीच बदलला होता आणि जिभाऊंनी तो सांभाळलाही होता.

कार्बोरेटरच्या तोंडात बोट घालून फिरवलं. बोटावर माती आली.

फिल्टर बॉक्स आणि कार्बोरेटर यांच्या मधली जाड नळी, आम्ही तिला नुसतं रबर म्हणतो, ती काढून उजेडात धरली. वरून धड. मग दोन्ही हातांनी वाकवली, तेव्हा खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या खोबणीत, बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. सोडली की मिटून जायची. आत पाहिलं तर त्या चिरेपासून कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत मातीची एक सरळ रेघ गेलेली. आठ महिने रोज त्या वाटेने धूळ आत गेली होती.

मला आठवलं. गणपतीत मीच ते रबर ओढून काढलं होतं, फडक्याने पुसलं होतं आणि परत बसवून क्लॅम्प आवळला होता. वाकवून पाहिलं नव्हतं. गाडी जुनी, ओझ्याची, म्हणून इंजिन झिजलं असेल, असं गृहीत धरून मी झिजलेला पिस्टन बदलला. तो कशाने झिजला हे विचारलंच नाही.

जिभाऊ दूध घालून दहाच्या सुमारास आले, पुतण्याच्या गाडीवर. मी रबर त्यांच्या हातात दिलं, वाकवायला सांगितलं, आतली रेघ दाखवली. ही चूक माझी आहे, मागच्या वेळी मी हे पाहायला हवं होतं, असं स्पष्ट सांगितलं. ते बराच वेळ ती चीर उघडत-मिटत राहिले.

"म्हंजे आठ महिना ती धूळच खाये?"

"हो जिभाऊ."

"मंग आते? पोरले लेवाले जानं शे."

त्यांची लेक साक्रीकडे दिलेली. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. गाडी संध्याकाळपर्यंत उभी करता आली असती, पण नव्या बोअरवर त्या उन्हात, धुळे ओलांडून, येताना डबल सीट आणि सामान, हे मला मान्य नव्हतं. रिंगा बोअरशी नीट बसायला पहिले पाचशे किलोमीटर हलक्या हाताने चालवावी लागते. म्हणून मी माझ्या गाडीची चावी त्यांच्यापुढे ठेवली. आधी नको म्हणाले, मग पंपावर थांबून टाकी भरूनच गेले. मजुरी आणि बोअरिंगचे पैसे मी घेणार नाही, हेही तेव्हाच ठरवून टाकलं. फक्त पिस्टनचे पैसे त्यांनी बळेच दिले.

दुपारी ०.५० चा पिस्टन घेऊन लेथवर गेलो. पिस्टन सोबत नेतोच मी, त्याच्या मापानेच बोअर कापून घ्यायची. होनिंगच्या, म्हणजे दगडाने बोअर घासून घेतल्याच्या, तिरक्या रेघा नीट आल्यात का, हे उजेडाकडे धरून पाहिलं. नंतर ब्लॉक गरम पाण्याने आणि कपड्याच्या साबणाने धुतला. पुष्कळ जण पेट्रोलने पुसतात, पण होनिंगच्या दगडाची भुकटी रेघांत रुतून बसते, ती पेट्रोलने निघत नाही. पांढरं फडकं आत फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत मी चार वेळा धुतला आणि लगेच ऑइल चोळलं. क्रँककेस डिझेलने पुन्हा पुन्हा खंगाळली. खालची जाळी आणि फिरता फिल्टर साफ केला. रिंगांची तोंडं एका रेषेत येणार नाहीत अशी फिरवून बसवली. नवं रबर बसवण्याआधी पोराच्या हातात दिलं. माझ्याकडे शिकतोय तो. चारी बाजूंनी वाकवून बघ म्हटलं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी जिभाऊ माझी गाडी परत करायला आले, सोबत लेक आणि डब्यात खापराच्या पुरणपोळ्या. मी त्यांची गाडी काढून दिली. शंभर किलोमीटरला एकदा ऑइल बदललं, पाचशेला पुन्हा. त्या दुसऱ्या वेळी काढलेलं ऑइल बोटांत चोळून मी जिभाऊंपुढे हात धरला. त्यांनीही एक थेंब घेतला, अंगठ्याने चोळत राहिले, आणि कचकच लागत नाही म्हटल्यावर बोट धोतराला पुसून कॅन बांधायला लागले.