बोटाखालचा शब्द

१ डिसेंबर २०२१, बुधवार. रात्रीचे साडेदहा.

आज धाकटी शाळेत गेली. वय सात, इयत्ता दुसरी, आणि पहिलीपासूनचा हा तिचा वर्गात बसायचा पहिलाच दिवस.

सकाळपासून पावसाची झड लागली होती. डिसेंबरातला पाऊस आमच्या निफाड तालुक्यात कुणालाच नको असतो. हे पहाटेपासून द्राक्षबागेत होते. मी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात तिचं मनगट धरून चिखलातून जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत गेले. दारात बाईंनी तिच्या कपाळासमोर ताप मोजायचं यंत्र धरलं, हातावर सॅनिटायझर दिलं, आणि ती मागे वळूनही न बघता आत गेली. मीच फाटकाशी उभी राहिले.

परवा संमतीपत्रावर सही करताना सासूबाई समोरच होत्या. "टीव्हीवर नवीन आलाय म्हणतात, ओमिक्रॉन. लहानांना लस नाही. एवढं थांबलो, अजून दोन महिने थांबू." त्यांचं चूक म्हणवत नाही. एप्रिलमध्ये आमच्याच गल्लीतली दोन माणसं दवाखान्यात गेली ती परत आली नाहीत. तरी मी सही केली. कारण दिवाळीतली ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या दिवशी धाकटी पुस्तकातली पावसाची कविता घडाघडा म्हणत होती, ओळीवर बोट फिरवत. आजी कौतुकाने ऐकत होत्या. माझ्या लक्षात आलं की बोट तिसऱ्या ओळीवर आहे आणि तोंड पाचव्या. मी तिचं बोट 'पाऊस' या शब्दावर ठेवलं आणि विचारलं, हे काय लिहिलंय? तिने वरच्या चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाणी." मी चित्रावर हात ठेवला. मग ती गप्प झाली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी रागावणार की काय म्हणून. मी रागावले नाही. रात्री मोरीत भांडी घासताना मात्र रडले.

पहिली तिने पाहिलीच नाही. जून २०२० मध्ये ती पहिलीत जायची होती. तेव्हा ती तालुक्याच्या गावी खासगी इंग्रजी शाळेत होती, छोटा गट आणि मोठा गट तिथेच झालेला, दारात व्हॅन यायची. त्या मार्चअखेर ऐन तोडणीत लॉकडाऊन लागला. व्यापारी फिरकेना, गाड्या मिळेनात. निम्म्या बागेचे बेदाणे केले, उरलेला माल मिळेल त्या भावाने दिला. फी थकली. ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा फोन घरात एकच, तोही ह्यांच्या खिशात. रेंज फक्त गच्चीवरच्या टाकीजवळ. सहा वर्षांचं पोर उन्हात टाकीला टेकून 'गुड मॉर्निंग टीचर' म्हणायचं आणि चित्र अडकलं की खाली यायचं. दिवाळीनंतर एक दिवस आमचा नंबर वर्गाच्या ग्रुपमधून काढून टाकलेला दिसला. आधी कुणाचा एक फोनसुद्धा नाही. पैसे बुडवायचे नव्हते, मुदत हवी होती. ते बोलायचीही संधी मिळाली नाही. हे मनातून जात नाही.

यंदा जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले तेव्हा हातात दाखला नव्हता. बाई म्हणाल्या, "दाखल्यासाठी प्रवेश अडत नाही, शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे. दाखला येईल तेव्हा येईल, मुलगी आजपासून आमची." मला खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसून मला फार लाज वाटली. याच शाळेला डावलून मी दोन वर्षं दारात व्हॅनची वाट बघत उभी राहत होते, आणि शेजारणींना सांगत होते, तिथे काही शिकवत नाहीत.

शिकवत नाहीत हे मी पाहिलं होतं का? नव्हतं. बाईंना वर्गाबाहेर फिरताना मात्र पाहिलं होतं. गेल्या वर्षी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्वेक्षणात त्याच आमच्या दारात आल्या होत्या, बोटाला ऑक्सिमीटर लावायला. शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग. त्यातून एकाला कोविडच्या कामाला लावलं की दुसऱ्याने चारही वर्ग बघायचे. तरी यंदा पावसाळ्यात बाई आठवड्यातून दोनदा मारुतीच्या सभामंडपात सहा-सहा मुलं लांब लांब बसवून शिकवत होत्या. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे'चे व्हिडिओ आणि स्वाध्याय फोनवर यायचे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी बाई तेच कागदावर उतरवून आणायच्या.

पण त्याने पहिली भरून निघाली का? नाही, आणि हे बाईच सांगतात. जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला, मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायला. मागची इयत्ता झालेलीच नाही त्या मुलांनी काय करायचं? सेतू बांधायला अलीकडचा काठ तरी लागतो.

थोरल्याचंही काही बरं नाही. त्याचे सातवीचे वर्ग ४ ऑक्टोबरला उघडले, महिनाभर गेला, आणि दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला. नऊ किलोमीटर. ह्यांना जमेल तेव्हा ते मोटरसायकलवर सोडतात, आज बागेमुळे जमलं नाही. म्हणजे ज्याची शाळा उघडी त्याला गाडी नाही.

पंधरा दिवसांपूर्वी पेपरात 'असर' या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीचं आलं होतं. देशातल्या खेड्यांत सरकारी शाळेत जाणारी ६ ते १४ वयाची मुलं २०१८ मध्ये ६४.३ टक्के होती, यंदा ७०.३ टक्के. फोन घरोघर आले, तरी ज्या घरात फोन आहे तिथल्याही साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो अभ्यासाला मिळत नाही. ते कात्रण मी जपून ठेवलंय. ही सगळी मुलं सरकारी शाळेवरच्या विश्वासाने परत आली, असं मला म्हणवत नाही. आम्ही पैसे संपले म्हणून आलो. आणि आम्ही गेलो होतो म्हणून इथला पट घटला होता. पट कमी की शिक्षक कमी, शिक्षक कमी की आम्ही म्हणणार शिकवत नाहीत. या साखळीत माझाही हात होता. ज्यांची मुलं तालुक्याला जातात ते ग्रामसभेत शाळेच्या छताविषयी बोलत नाहीत. मी तरी कुठे बोलले होते?

दुपारी धाकटी आली ती भिजलेली, पण तोंड थांबत नव्हतं. कोण कोण आलं, कुणाच्या मास्कवर मोटू-पतलू आहे, कुणाला घरची आठवण आली. मग म्हणाली, "मम्मी, वर्गात पाणी गळतं. बाईंनी बादली ठेवली आणि आम्हाला दुसऱ्या भिंतीकडं बसवलं." सांगताना तिला गंमत वाटत होती.

आणायला गेले तेव्हा बाईंना दिवाळीतल्या 'पाऊस'बद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "चित्र झाकून परीक्षा घेऊ नका, ती घाबरेल. रोज दहा मिनिटं, एकच अक्षर. चुकली तर लगेच सांगायची घाई करू नका, थांबा." वर्गातल्या अठरांपैकी अकरा मुलांचं असंच आहे म्हणाल्या. आणि शाळा व्यवस्थापन समितीत येता का, असं विचारलं. तिथे पाऊण सदस्य पालकच लागतात आणि निम्म्या बायका. मी हो म्हणून आले. पहिल्या बैठकीत छताचं बोलणार आहे.

संध्याकाळी दहा मिनिटं 'प' घेतला. तांदळाच्या ताटलीत बोटाने गिरवला. तिने आठ वेळा काढला, नवव्यांदा 'ष' केला आणि हसली. मी थांबले. तिने स्वतःच पुसला.

पाऊस अजून आहे. फुलोऱ्यातल्या बागेत घडकूज होणार आणि पुढच्या टप्प्यातल्या बागेत मण्यांना तडे जाणार, हे ह्यांनी दुपारीच सांगितलं. उघडीप मिळताच फवारणी करायची म्हणून अजून तिकडेच आहेत, त्यांची बॅटरी इथून हलताना दिसते. आले की जेवायला वाढताना एक विचारणार आहे. दोन वर्षांनी भाव चांगला मिळाला, पुन्हा दारात व्हॅन आली, तर आपण धाकटीला इथेच ठेवणार का? मला त्यांचं उत्तर आजच हवंय, हातात पैसा नाही तोवर.