ताटाची डावी बाजू

तक्रार मिठाची होती. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या सत्तरीच्या आजी. अंगावरून वारं गेलेलं, डावा हात आणि पाय लुळा, मेंदूच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी. शुद्धीवर आल्यापासून भेटेल त्याला एकच सांगत होत्या: सून मीठ वाढत नाही, चटणी वाढत नाही, भाकरीसुद्धा अर्धीच देते. सून ताट पुढं करून दाखवायची. आजी ताटात बघायच्या आणि म्हणायच्या, "कुठं हाय?" मुलाचं मत होतं की आईचं डोकं फिरलंय. शेजारच्या खाटेवरची मंडळी तर सुनेकडे बघून उघडउघड कुजबुजत होती.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आम्हाला लोक फिजिओच समजतात, कित्येक डॉक्टरसुद्धा. हातापायात ताकद किती आली ते फिजिओ बघतात; त्या हातांनी माणूस जेवतो का, लुगडं नेसतो का, अंघोळ करतो का, ते आम्ही बघतो. म्हणून मी पेशंटला जमेल तेव्हा जेवणाच्या वेळीच गाठते.

आजींच्या ताटातली भाजी संपली होती. भाकरी उजवीकडून खात आणलेली, डावा अर्धा भाग तसाच. मीठ, चटणी, कांदा यांना बोट लागलेलं नव्हतं. आपल्याकडे वाढायची रीत ठरलेली आहे: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. सून रीतीप्रमाणे वाढत होती आणि त्या रीतीनेच तिचा घात केला होता.

मी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. आजींचा चेहरा उजळला. "आत्ता वाढलं बघा," म्हणाल्या आणि उरलेली भाकरी चटणीशी खाऊ लागल्या. सूनबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

याला निग्लेक्ट म्हणतात. डोळ्यांचा दोष नव्हे. आजींसमोर बसून मी फक्त डावं बोट हलवलं की त्यांना ते दिसायचं, उजवं हलवलं की तेही दिसायचं. दोन्ही एकदम हलवली की मात्र त्यांच्या उजवीकडचं तेवढं दिसायचं. नजर पोचत होती, लक्ष पोचत नव्हतं. मेंदूचा डावा भाग मुख्यतः उजव्या बाजूकडे लक्ष ठेवतो, उजवा भाग दोन्ही बाजूंकडे. त्यामुळे डाव्या भागाला इजा झाली तर उजवा बरंचसं सांभाळून घेतो. उजव्याला झाली तर डाव्या बाजूला वाली उरत नाही. आणि जे उरत नाही त्याची उणीवही भासत नाही, खरी अडचण ही आहे. अंधळ्याला आपण अंधळे आहोत हे बहुधा ठाऊक असतं. आजींच्या लेखी डावीकडे रिकामी जागासुद्धा नव्हती.

राउंडवर त्यांना नाव, गाव, वार, पंतप्रधान विचारले गेले. सगळं बरोबर. 'पूर्ण भान आहे' अशी नोंद झाली. रोज कोणीतरी किल्लीने तळपाय ओरबाडून बाबिन्स्कीची खूण, म्हणजे पायाचा अंगठा वर उठतो का, ते बघत होतं. त्याच जोसेफ बाबिन्स्की या मेंदूतज्ज्ञाने १९१४ साली पॅरिसमध्ये सांगितलं होतं की अर्धं अंग लुळं पडलेल्या काही रोग्यांना आपलं अंग लुळं पडलंय हेच कळत नाही. तळव्याची खूण सगळ्यांच्या हातात बसली आहे, ही दुसरी गोष्ट विचारायला मात्र कोणाला वेळ नसतो. एक कागद आणि पेन्सिल पुरते. घड्याळ काढा म्हटल्यावर असे पेशंट बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतात. आजींना लिहिता येत नव्हतं, म्हणून मी आडवी दोरी धरून मध्यावर बोट ठेवायला सांगितलं. बोट पार उजव्या टोकाकडे गेलं.

मग मी त्यांचा डावा हात उचलून त्यांच्या उजवीकडे आणला.

"आजी, हा हात कुणाचा?"

"थोरल्या जाऊबाईचा."

"त्या कुठं असतात?"

"गेल्या की त्या मागल्या साली."

"मग हात इथं कसा?"

जरा विचार करून म्हणाल्या, "इसरल्या आसतील."

थट्टा नव्हती, भ्रमिष्टपणाही नव्हता. याच बाईने पाच मिनिटांपूर्वी मला दुधाचा महिन्याचा हिशोब तोंडी करून दाखवला होता.

१९७८ साली इटलीतल्या मिलानमध्ये बिसियाक आणि लुझाती या संशोधकांनी अशा दोन रोग्यांना शहरातला कॅथेड्रलचा चौक नुसता आठवून वर्णन करायला सांगितला होता. चौकाच्या एका टोकाला उभे आहात असं समजा म्हटलं की रोगी उजवीकडच्या इमारती सांगत. समोरच्या टोकाला उभं केलं की आधी गाळलेल्या इमारती येत आणि आधी सांगितलेल्या गळत. मी आजींना त्यांच्या घराच्या पुढच्या दारात उभं केलं, मनातल्या मनात. दिवाण, कणगी, नातवंडांची खोली आली. मग परसदारातून आत बघायला सांगितलं. चूल आली, देव्हारा आला. दिवाण आणि कणगी गायब. पन्नास वर्षं सारवलेलं घर, आणि आठवणीतसुद्धा त्याची डावी बाजू निसटत होती. हे मी पुस्तकात वाचलं होतं. समोर बसून ऐकताना अंगावर काटा आला.

उपचार साधा आणि चिवट आहे. ताटाच्या डाव्या काठाला लाल चिकटपट्टी लावली. 'पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, मग पहिला घास,' असा नेम घातला. पाहुण्यांना डावीकडे बसायला सांगितलं, सुरुवातीला थोडं मध्याजवळ, मग हळूहळू लांब. आजी मेहनती. घरी जाईपर्यंत मीठ त्यांचं त्या शोधू लागल्या.

सूनबाईंनी निघताना मला विचारलं, "ताई, मग त्या खोटं बोलत नव्हत्या?" नव्हत्या. आणि तुम्हीही वाढत होतात. मुलाला बाजूला घेऊन हे मी पुन्हा, शेजारच्या खाटेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

ओपीडीत आल्या तेव्हा आजी खुशीत होत्या. गावात सांगत फिरतात म्हणे, "दवाखान्यातनं आल्यापासनं सून नीट वाढाया लागली." सूनबाई काही बोलल्या नाहीत. पण चार माणसांत झालेली बदनामी अजून तशीच आहे आणि ती पुसणं माझ्या कामात मोडतं की नाही, यावर माझा आजींच्या मुलाशी वाद झाला. माझ्या मते मोडतं. पहिल्या दिवशी आजींनी मोठ्या कागदावरच्या चांदण्यांवर काट मारली होती, फक्त उजव्या अर्ध्यात. तो कागद मी जपून ठेवलाय. पुढच्या वेळी नवा कागद भरून घेणार आणि दोन्ही आजींसमोर ठेवून विचारणार. एकाखाली एक ठेवायचे, शेजारी शेजारी नाही, आणि दोन्ही त्यांच्या उजवीकडे.