तळ्यावरची ठिबक: हिशेब मे महिन्याचा

पावसाळा संपताना तळं काठोकाठ असतं आणि नेमकं तेव्हाच आपण पंप बघायला निघतो. गुहागर तालुक्यातल्या आमच्या आगराची ठिबक आखताना मी मात्र मे अखेरच्या पाण्यापासून हिशेब मांडला. 30 माड, 80 पोफळी. तळं आगरापासून 120 मीटर अंतरावर आणि खालच्या अंगाला. वरून 20 बाय 20 मीटर, खोली 3 मीटर, बाजू 45 अंशांत उतरत्या. जांभ्यात पाणी ठरत नाही, म्हणून 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरलेला.

भरलं की पावणेनऊ लाख लिटर. तळाचं अर्धा मीटर गाळाचं पाणी, साधारण एक लाख लिटर, धरायचंच नाही. बाष्पीभवन दिवसाला 5 मिमी धरलं तरी भरल्या तळ्यातून रोज 2,000 लिटर उडून जातात! पातळी उतरते तसं हे कमी होतं, पण डिसेंबर ते मे मिळून पावणेतीन-तीन लाख गेलेच. माडाला 40 आणि पोफळीला 20 लिटर म्हणजे एका पाळीला 2,800. डिसेंबर-जानेवारीत दिवसाआड आणि पुढे रोज दिलं, तर सव्वाचार लाख लागतात. उरतं ते जून लांबला तर दोन आठवडे पुरेल इतकंच. आळ्यात झावळांचं आच्छादन म्हणूनच हवं.

माडाला ताशी 8 लिटरचे चार ड्रिपर, बुंध्यापासून मीटरभर लांब, पोफळीला दोन. सगळे मिळून ताशी 2,240 लिटर, सव्वा तासात पाळी पुरी.

या प्रवाहाला 25 मिमी पाइपात दर 100 मीटरला सुमारे 16 मीटर दाब (म्हणजे पाणी तेवढं उंच चढवायला लागेल इतका) घर्षणात जातो, 32 मिमीत साडेचार, 40 मिमीत जेमतेम सव्वा. पाइपात वाचवलेले पैसे विजेच्या बिलात जातात. मी 40 घेतला. मेमधल्या पाण्यापासून आगराच्या वरच्या टोकापर्यंत चढ 9 मीटर, घर्षण आणि जोड 4, फिल्टर 5, ड्रिपर 10. एकूण 28 मीटर, म्हणजे 1 एचपी.

सगळ्यात जास्त त्रास ओढीच्या बाजूला होतो. डिसेंबरात पंप दीड मीटरवरून पाणी ओढतो, मेमध्ये चार मीटरवरून. सहाच्या पुढे भरवसा नाही. ओढीचा पाइप 50 मिमीचा हवा आणि पंपाकडे सलग चढता. मध्ये उंचवटा आला की तिथे हवा साठते. पंप चालू असताना सैल जोडातून पाणी गळत नाही, हवा आत जाते, त्यामुळे दोष डोळ्यांना दिसत नाही. पंप पाण्याने भरून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी उतरलेलं दिसलं, तर जोड तरी गळतोय किंवा फूटव्हॉल्व्हच्या, म्हणजे ओढीच्या पाइपाच्या पाण्यातल्या टोकाच्या, एकतर्फी झडपेत पानाचा तुकडा तरी अडकलाय. फूटव्हॉल्व्ह रिकाम्या बंद कॅनला बांधून पाण्याखाली दीड फुटावर तरंगता ठेवावा. वरचं शेवाळ नको, खालचा गाळही नको.

तळ्याच्या पाण्याला नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही, शेवाळाने लगेच तुंबतो. आधी वाळूचा, मग डिस्कचा, आणि दोन्हीकडे प्रेशर गेज. दोन्ही गेजमधल्या दाबाचा फरक अर्ध्या किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) गेला की उलटं पाणी सोडून वाळू धुवायची. दर पंधरा दिवसांनी लॅटरलची, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या बारीक नळ्यांची, टोकं उघडावीत. आधी हिरवट, बुळबुळीत पाणी येतं. ते स्वच्छ होईपर्यंत टोक बंद करू नये.