तुम्ही विचारलंत म्हणून: गाणी सगळ्यांना पाठ, मग क्रीडन्स या अमेरिकन रॉक बँडचं नाव कुणालाच का ठाऊक नाही?

गिटार शिकवणाऱ्या माणसाला दोन प्रश्न चुकत नाहीत. पहिला, 'सर, किती महिन्यांत वाजवता येईल?' याचं उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय. दुसरा जरा अवघड आहे. तो कधी विद्यार्थी विचारतो, कधी त्याला क्लासला सोडायला आलेले बाबा विचारतात: 'हे क्रीडन्सवाले एवढे मोठे होते म्हणता, मग बीटल्स, पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन यांच्या पंगतीत त्यांचं नाव का येत नाही? यांचे टी-शर्टसुद्धा कुणी घालत नाही!'

प्रश्न माझ्याकडेच येतो, कारण सुरुवात मी करतो. सी, जी, एफ आणि ए मायनर एवढ्या कॉर्ड (एकत्र छेडायचे सूर) हाताला बसल्या की मी मुलांना त्यांचं 'हॅव यू एव्हर सीन द रेन' देतो. पहिल्या दोन ओळींत मूल म्हणतं, 'अरे, हे तर माहितीये!' कुठून माहीत आहे, ते सांगता येत नाही. गोव्यातल्या लग्नात ऐकलेलं असतं, कॉलेजच्या गॅदरिंगला कुणीतरी वाजवलेलं असतं, नाहीतर रील्समधून कानावर पडलेलं असतं. गाणारा कोण, असं विचारलं की शांतता. एखादा धीट मुलगा 'ईगल्स?' म्हणतो.

तर क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, म्हणजे सीसीआर. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडच्या एल सेरिटो गावातली चार पोरं: जॉन फोगर्टी, त्याचा थोरला भाऊ टॉम, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड. शाळेपासून एकत्र वाजवणारी. आधी ब्लू व्हेल्व्हेट्स, मग रेकॉर्ड कंपनीने गळ्यात मारलेलं गॉलीवॉग्ज हे नाव, आणि 1968 पासून क्रीडन्स. त्यांची गाणी लुइझियानाच्या दलदलीतली, मिसिसिपीवरच्या बोटींतली वाटतात, म्हणून लोक त्यांना दक्षिणेचे समजतात. प्रत्यक्षात हे कॅलिफोर्नियाचे. 1968 ते 1972 या काळात सात अल्बम, त्यातले तीन एकट्या 1969 मध्ये. मग संपलं.

चाहत्यांच्या वादात इथूनच ठिणग्या उडतात. एक तट म्हणतो, यांचं एकही सिंगल (सुटं विकायला काढलेलं गाणं) अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं नाही, मग कसले मोठे? मुद्दा खरा आहे. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सीसीआरची सिंगल्स पाच वेळा दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि पाचही वेळा तिथेच अडकली. 'बॅड मून रायझिंग'ला अडवलं हेन्री मॅन्सिनीच्या वाद्यसंगीताने. 'ट्रॅव्हलिन बँड'ला सायमन आणि गारफंकलने. आणि 'ग्रीन रिव्हर'ला अडवलं आर्चीजच्या 'शुगर, शुगर'ने. आर्चीज म्हणजे कार्टूनमधला बँड! जो बँड अस्तित्वातच नाही त्याच्याकडून हरायचं, हे नशीब फक्त यांचंच. 'बॅड मून रायझिंग' ब्रिटनमध्ये मात्र 1969 च्या सप्टेंबरमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, पण हा मुद्दा वादात कुणी ऐकून घेत नाही.

दुसरा तट विक्रीचे आकडे काढतो. 1969 साली यांनी अमेरिकेत बीटल्सपेक्षा जास्त रेकॉर्ड विकल्या, हे वाक्य तिथे हमखास येतं. मी ते वापरत नाही, मला त्याची गरजही वाटत नाही. माझ्यापुरता 'क्रॉनिकल' पुरेसा आहे. बँड फुटल्यावर, 1976 मध्ये कंपनीने काढलेला हा 20 गाण्यांचा संग्रह. त्याच्या एक कोटीहून अधिक प्रतींना अमेरिकेत अधिकृत मान्यता आहे आणि बिलबोर्डच्या अल्बमांच्या यादीत त्याने 600 हून अधिक आठवडे काढलेत. 'हॅव यू एव्हर सीन द रेन' 1971 मध्ये गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकावर थांबलं होतं. आज स्पॉटिफायवर ते 100 कोटींहून जास्त वेळा ऐकलं गेलंय. त्या आठवड्यात त्याच्या वर कुठली सात गाणी होती, हे आता यादी उघडून बघावं लागेल.

म्हणजे पैसा मिळवण्यात हा बँड कमी पडला नाही. (पैसा कुणाला मिळाला, ते पुढे येतंच.) कमी पडलं ते नाव. आणि नाव हे विक्रीच्या मागोमाग आपोआप येतं, असं जे आपण धरून चालतो, ते मला मुळातच पटत नाही. गाणं रेडिओवर वाजतं ते स्वतःच्या बळावर. बँडचं नाव मात्र कुणीतरी सतत घेत राहावं लागतं: बँडने स्वतः, कंपनीने, चित्रपटाने, नाहीतर पन्नाशीनंतर पोटं सांभाळत पुन्हा एकत्र आलेल्या मंडळींनी. सीसीआरच्या बाबतीत हे काम ज्यांनी करायचं, ते सगळे पंचवीस-तीस वर्षं एकमेकांशी भांडत बसले होते.

1969 च्या वुडस्टॉक या प्रचंड संगीत महोत्सवापासूनच बघा. त्या महोत्सवासाठी करार करणाऱ्या पहिल्या मोठ्या नावांत हे होते. ते येणार म्हटल्यावर बाकीचे तयार झाले, असं सांगतात. प्रत्यक्षात त्यांची पाळी आली ग्रेटफुल डेड या बँडच्या लांबलेल्या कार्यक्रमानंतर, मध्यरात्र उलटून गेल्यावर. समोर चिखलात अर्धी जनता झोपलेली. जॉनला तो कार्यक्रम पसंत पडला नाही आणि 1970 च्या वुडस्टॉक चित्रपटात आपलं चित्रीकरण घ्यायला त्याने नकार दिला. त्या चित्रपटाने कितीतरी कलाकारांचे चेहरे जगाच्या डोक्यात कायमचे बसवले. हे वुडस्टॉकला होते, हेच आज अनेकांना माहीत नसतं. त्या रात्रीचं संपूर्ण ध्वनिमुद्रण बाहेर आलं 2019 मध्ये, पन्नास वर्षांनी. ऐकून बघा, मला तरी त्यात लाजण्यासारखं काही सापडलं नाही.

मग घरातली भांडणं. गाणी लिहायची, गायची, लीड गिटार वाजवायची, निर्मितीही करायची, हे सगळं जॉनच करणार. बाकी तिघांना ते खुपायला लागलं. टॉम 1971 मध्ये बाहेर पडला. उरलेल्या दोघांना शेवटच्या अल्बममध्ये आपापली गाणी करायला मिळाली आणि समीक्षकांनी तो अल्बम सोलून काढला. 1972 मध्ये बँड बंद.

पण खरी गाठ होती फँटसी रेकॉर्ड्स या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीशी. कंपनीचे मालक सॉल झेंट्झ. 'अमेडियस' आणि 'द इंग्लिश पेशंट'चे ऑस्करविजेते निर्माते, तेच हे. गाण्यांचे हक्क कंपनीकडे. त्या करारातून सुटण्यासाठी जॉनने सीसीआरच्या रेकॉर्डवरची आपली रॉयल्टीच सोडून दिली. आणि पुढे रागाच्या भरात आपलीच गाणी स्टेजवर म्हणायचं बंद केलं, कारण म्हटली की फायदा झेंट्झचा. हा हट्ट त्याने 1987 पर्यंत चालवला.

मध्ये 1985 मध्ये 'सेंटरफील्ड' हा त्याचा स्वतःचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. लगेच फँटसीने दावा लावला की त्यातलं एक गाणं सीसीआरच्या 'रन थ्रू द जंगल'ची नक्कल आहे. म्हणजे जॉन फोगर्टीने जॉन फोगर्टीची चोरी केली! 1988 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात हा गृहस्थ गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसला आणि आपण गाणं कसं रचतो, ते वाजवून दाखवलं. ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. वकिलांच्या खर्चाचा वाद तर 1994 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुलांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना विनोद वाटतो. 'रन थ्रू द जंगल' जवळजवळ एकाच कॉर्डवर चालतं. तेवढ्या भांडवलावर असा खटला उभा राहतो, याचं मला आजही नवल वाटतं.

मी सांगतोय ती गोष्ट ज्याला पटत नाही, त्याला मी पालोमिनोचा किस्सा ऐकवतो. 1987 चा फेब्रुवारी, लॉस एंजेलिसमधला पालोमिनो नावाचा क्लब. ताज महाल या ब्लूज गायकाचा कार्यक्रम चाललेला (हो, नाव तेच). श्रोत्यांत बॉब डिलन, जॉर्ज हॅरिसन आणि जॉन फोगर्टी. तिघेही स्टेजवर चढले. लोकांनी जॉनने सीसीआरसाठी लिहिलेल्या 'प्राउड मेरी'चा धोशा लावला. जॉन आढेवेढे घ्यायला लागला. तेव्हा डिलनने त्याला सांगितलं की तू हे गाणं म्हटलं नाहीस, तर लोक ते गायिका टीना टर्नरचंच समजतील. जॉनने म्हटलं. त्याच वर्षी 4 जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमात त्याने जुनी गाणी पुन्हा जाहीरपणे गायली.

डिलनला भीती होती ते झालेलंच होतं. आइक आणि टीना टर्नरचं 'प्राउड मेरी' 1971 मध्ये अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं आणि त्याला ग्रॅमीही मिळालं. टीना ते पुढे आयुष्यभर गात राहिली, नाचत राहिली. लिहिणारा मात्र घरात गप्प बसलेला. गाणं ज्याच्या तोंडी दिसतं त्याच्या नावावर चढतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको; हिंदी चित्रपटातली निम्मी गाणी आपण नटाच्या नावानेच ओळखतो.

समेट व्हायची एक वेळ आली होती. 1993 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत बँडचा समावेश झाला. टॉम तोवर वारला होता. जॉनने कुक आणि क्लिफर्डबरोबर वाजवायला नकार दिला आणि गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन वगैरेंना घेऊन सीसीआरची गाणी म्हटली. पुढे 1995 मध्ये त्या दोघांनी क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हिजिटेड नावाचा बँड काढला. त्यावरूनही कोर्टकचेरी झाली. परिणाम असा की एकीकडे नाव आहे पण आवाज नाही, दुसरीकडे आवाज आहे पण नाव नाही. लोकांनी ओळखायचं कुणाला?

याच काळात ईगल्स काय करत होते? तेही कडाक्याचे भांडलेले. पण 1994 मध्ये एकत्र आले, आणि तेव्हापासून त्यांचं नाव थंड पडू दिलेलं नाही. क्वीनकडे तर गोष्टच गोष्ट आहे. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या बोर्डिंगात शिकला, एवढं सांगितलं की पालकांच्या भुवया वर जातात आणि पुढच्या आठवड्यात मूल क्वीनचं गाणं मागतं. सीसीआरकडे सांगण्यासारखं काय? चौकड्यांचे शर्ट घातलेली चार साधी पोरं, रोज ठरल्या वेळी तालीम करणारी, आणि मग वीस वर्षं वकील. ज्या शहराशेजारी ते राहत, तिथे अर्ध्या-अर्ध्या तासाचं एकेक वादन आणि नशापाणी हीच फॅशन होती. हे अडीच मिनिटांत गाणं संपवायचे. त्यामुळे 'रेडिओवाले' म्हणून शेजाऱ्यांनी नाक मुरडलं ते वेगळंच.

चित्रपटांनी गाणी भरपूर वापरली, पण त्याने बँडचं नाव झालं असं मला वाटत नाही. 'फॉर्च्युनेट सन' हे तर हेलिकॉप्टरचं पार्श्वसंगीत होऊन बसलंय. चित्रपटात व्हिएतनामचं युद्ध दाखवायचं, की हे गाणं लावा. गाणं आहे बड्या बापांची पोरं युद्धातून सुटतात आणि गरिबांची जातात, यावर. पण हक्क जॉनकडे नसल्याने ते जीन्सच्या जाहिरातीतही गेलं, तेही फक्त झेंड्याचा उल्लेख असलेल्या सुरुवातीच्या ओळींपुरतं, म्हणजे ऐकणाऱ्याला देशभक्तीपर वाटावं. 2020 मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारसभांत वाजलं तेव्हा जॉनला कायदेशीर नोटीस पाठवावी लागली.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. यश कमी पडलं म्हणून नाव मागे राहिलं, हे मला मान्य नाही, आणि गाणी साधी होती म्हणून राहिलं, हे तर अजिबातच नाही. डी, ए, जी या तीन कॉर्डवर 'बॅड मून रायझिंग' रचून दाखवा, मग बोलू. नाव मागे राहिलं, कारण ते सांगणाऱ्याने पंधरा वर्षं तोंड बंद ठेवलं आणि उरलेल्यांनी एकमेकांची तोंडं बंद केली. जॉनला ते उशिरा उमगलं असावं. 2023 च्या सुरुवातीला त्याने आपल्या गाण्यांच्या प्रकाशनहक्कांचा मोठा वाटा परत मिळवला आणि 2025 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तीच गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करून स्वतःच्या नावाने काढली. आवाज पूर्वीसारखा नाही. तरी विकत घ्या असंच मी म्हणेन.

आणि तुमच्यापैकी जे म्हणतात की हा निव्वळ सिंगल्सचा बँड, अल्बम ऐकण्यासारखे नाहीत, त्यांच्यासाठी एक गृहपाठ. 'क्रॉनिकल' बाजूला ठेवा. त्या संग्रहाने बँडला जगवलं हे खरं, पण वीस गाण्यांपलीकडे काही नव्हतंच, असा समजही त्यानेच करून दिला. 1970 चा 'कॉस्मोज फॅक्टरी' काढा, जो अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. त्याचं पहिलंच गाणं 'रॅम्बल टॅम्बल', सात मिनिटांचं, 'क्रॉनिकल'मध्ये नसलेलं. मध्यावर लय उतरते, गिटार एकाच जागी घुमत राहते, आणि मग गाडी पुन्हा वेग घेते. हेडफोन लावून ऐका, मग वाद घालायला रविवारच्या बॅचनंतर या. चहा क्लासतर्फे.