घरघर सापडली: सिगुर रोसचा कंस आणि मधले ३६ सेकंद

गेल्या शनिवारी रात्री अकराच्या सुमारास माझ्या स्पीकरमधून ३६ सेकंद काहीही ऐकू आले नाही, आणि या वर्षातील माझी सर्वांत मोठी कमाई तीच आहे. माझ्या स्पीकरांतून सतत येणाऱ्या घरघरीवरच्या मागील तीन नोंदी ज्यांनी सोसल्या आहेत त्यांना अधिक सांगायला नको. घरघर गेली. कुठून येत होती तेही कळले, आणि कारण इतके घरगुती निघाले की इतके महिने मी नेमके कशाचे संशोधन करत होतो, याची थोडी लाजच वाटते.

नव्याने येणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की सिगुर रोस या आइसलँडच्या बँडचा २००२ सालचा जो अल्बम आहे, ज्याचे नाव केवळ दोन कंस आहेत आणि ज्याला आपण सगळे ‘कंस’ म्हणतो, तो माझ्या या संपूर्ण खटाटोपाची कसोटी आहे. आठ रचना, एकीलाही छापील शीर्षक नाही, सुमारे ७२ मिनिटांचा ऐवज, आणि चौथ्या व पाचव्या रचनेच्या मध्ये ३६ सेकंदांची संपूर्ण शांतता. ही शांतता म्हणजे दोन गाण्यांमधली मोकळी जागा नव्हे, ती बांधणीचाच भाग आहे. अलीकडच्या चार रचना त्यामानाने उजेडाच्या आहेत आणि पलीकडच्या चार अंधाराच्या. माझ्याकडे मात्र या दोहोंच्या मध्ये शांततेऐवजी ‘घूंऽऽ’ होते.

हा घूं म्हणजे आपल्या विजेची ५० हर्ट्झची कंपने आणि त्यांचे वरचे सूर. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी पाचच्या बऱ्याच खालच्या सप्तकातील सूर ४९ हर्ट्झचा येतो, म्हणजे वीज मंडळाचा षड्ज त्याहून अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने चढा. तानपुरा असा लागला असता तर कोणत्याही गायकाने खुंट्या पिळायला लावल्या असत्या. मी मात्र तोच तानपुरा मागे लावून सात महिने उत्तर ध्रुवाजवळचे संगीत ऐकत होतो.

लक्षणे अशी होती. डॅकला, म्हणजे लॅपटॉपमधल्या डिजिटल संगीताचे अ‍ॅम्प्लिफायरला समजणाऱ्या संकेतात रूपांतर करणाऱ्या डबीला, हेडफोन लावून ऐकले तर निखळ शांतता. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या सर्व वायरी काढून तो एकटा चालू केला तरीही शांतता. दोघांना जोडले की घूं, आणि आवाजाची खुंटी फिरवावी तसा तो घूंही वाढत जाई. म्हणजे दोघेही आरोपी एकेकटे निर्दोष आणि एकत्र आले की गुन्हा. दोघांना जोडणाऱ्या आरसीए वायरी, म्हणजे आवाजाचा संकेत नेणाऱ्या साध्या वायरी, मी दोनदा बदलल्या. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काढून जुना, खोक्याएवढा बसवला. त्याने घूं गेला नाही, पण त्याच्या जोडीने येणारी एक बारीक चरचर गेली, हा आनुषंगिक लाभ. सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणले. एका दुकानदाराने अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला. असा सल्ला देणाऱ्याकडून मी यापुढे साधा स्क्रूही घेणार नाही, आणि तुम्हीही ती पिन कापू नका. जिवापेक्षा घूं बरा.

मग एकदा चुकून लॅपटॉपच्या चार्जरला पाय लागला, प्लग निघाला आणि घूं क्षणात नाहीसा झाला. मी आनंदाने उडालो आणि तिथेच फसलो. दोष चार्जरचा असे ठरवून नवा चार्जर आणला, आणि घूं होता तसाच राहिला. बॅटरीवर ऐकण्याचा मार्ग उरला होता, परंतु माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपची बॅटरी जेमतेम पाऊण तास टिकते. या अल्बमच्या हिशोबात पाऊण तास म्हणजे सहाव्या रचनेचा शेवट दिसू लागतो तोच पडदा. पलीकडच्या अंधारात अर्ध्यावर नेऊन सोडणारी ही व्यवस्था मी एका महिन्यात चार वेळा सहन केली, आणि चारही वेळा उरलेली रात्र चिडचिडीत गेली.

‘सरळ रेकॉर्ड का लावत नाहीस’ असे विचारणाऱ्यांना एकदाच उत्तर देतो. तबकड्या मलाही प्रिय आहेत, पण हा अल्बम दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर विभागला जातो, त्यामुळे जिथे ३६ सेकंद निश्चल बसायचे तिथे आपण उठून तबकडी बदलत असतो. या एका अल्बमपुरती सीडीच खरी असे माझे ठाम मत आहे. माझी सीडी जुनी आहे आणि मी ती लॅपटॉपवर उतरवून घेतली आहे. तिच्यासोबतच्या पुस्तिकेची पाने मुद्दाम कोरी ठेवलेली आहेत. शब्दांना नेमका अर्थ नसलेल्या, त्यांच्या स्वतःच्या ‘वोनलेंस्का’ बोलीत संपूर्ण अल्बम गायलेला असल्यामुळे ऐकणाऱ्याला जे जाणवेल ते त्याने तिथे लिहावे, अशी कल्पना. माझ्या प्रतीत तिसऱ्या पानावर आईच्या अक्षरात ‘दूध दीड लिटर, १२ व १३ खाडा’ असे लिहिलेले आहे. कोरी वही टेबलावर पडली होती, तिने वापरली. सुरुवातीला मी चडफडलो होतो, पण वोनलेंस्काचा याहून प्रामाणिक अनुवाद मला अद्याप साधलेला नाही.

आता उलगडा कसा झाला ते सांगतो. दिवाणखान्यात एवढे मोठे स्पीकर ठेवण्याची परवानगी मिळवताना माझा आईशी एक करार झाला होता, की संध्याकाळचे कीर्तन तिला याच स्पीकरांवर ऐकू आले पाहिजे. म्हणून सेट-टॉप बॉक्समधून एक आरसीए वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या दुसऱ्या इनपुटला कायमची जोडलेली होती. ती इतकी कायमची होती की ‘सर्व वायरी काढून पाहिल्या’ असे मी लिहीत असे तेव्हा तीही काढत असे, आणि परत लावताना तिचा कधी विचारच करत नसे. शनिवारी दुपारी चित्र फुटते म्हणून केबलवाला आला. मी चौथी रचना लावून कुढत बसलो होतो. त्याने बॉक्सच्या मागची गच्चीवरून आलेली काळी केबल उपसली आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “अरे, ते तुझं घूं घूं थांबलं की रे!” मी उठून उभा राहिलो. केबलवाल्याला वाटले, त्याच्याकडून काही मोडले.

त्याला केबल पुन्हा लावायला सांगितली तर घूं हजर, आणि काढायला सांगितली तर गायब. हा खेळ आम्ही पाच वेळा खेळलो. मग मी मल्टिमीटर आणून केबलचे बाहेरचे कवच आणि बोर्डातील अर्थ यांच्यामध्ये टोके टेकवली, तर काटा ३१ व्होल्टवर गेला. गणित लगेच सुटले. केबलचे कवच बाहेर इमारतीत कुठेतरी आपल्या पद्धतीने जमिनीला भिडलेले होते, आणि माझा लॅपटॉप चार्जरच्या तिसऱ्या पिनेतून वेगळ्या जागी. अ‍ॅम्प्लिफायर दोन पिनांचा असल्याने त्याला स्वतःची जमीन नाही. परिणामी केबल, बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर, डॅक आणि लॅपटॉप असे एक भले मोठे वेटोळे तयार झाले होते, आणि त्यातून वाहणारा गळतीचा प्रवाह डॅकच्या वायरीच्या जाळीतून जाताना संगीतात मिसळत होता. चार्जर काढला की वेटोळे तुटायचे. चार्जर बिचारा खरोखरच निर्दोष होता.

पहिला उपाय म्हणून ऑनलाइन मागवलेला, बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मधे घालायचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज पुढे जाऊ देणारा, पण तारांचा थेट संबंध तोडणारा) आधीच कपाटात पडून होता. तो लावला. घूं गेला, पण कीर्तनातील मृदंगाचा डावा हात पोकळ झाला. एवढ्याशा गाभ्याला खर्जाचे ओझे पेलत नाही, हे विकणाऱ्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आई म्हणाली, “बुवा डब्यात बसून गातायत का?” तिचे कान माझ्या मल्टिमीटरपेक्षा तल्लख आहेत हे मी या ठिकाणी नोंदवून ठेवतो.

मग पुण्यातली इलेक्ट्रॉनिक वस्तूंची तपकीर गल्ली गाठली. तिथे गर्दीत उभे राहून मागच्या माणसाची कोपरे खाताना डोक्यात उजेड पडला, की टीव्हीला ऑप्टिकल आउट आहे आणि डॅकला ऑप्टिकल इन आहे, आणि प्रकाशाला अर्थिंग लागत नाही. साडेतीनशे रुपयांची केबल घेतली, बॉक्सची आरसीए वायर कायमची काढली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार पीसीएम, म्हणजे साधा डिजिटल, केला (हे केले नाही तर माझ्या डॅकमधून अवाक्षर निघत नाही, अर्धा तास त्यात गेला), आणि वेटोळे तुटले. बुवा डब्यातून बाहेर आले. ज्या गल्लीत दहा रुपयांच्या कॅपॅसिटरसाठीही दुकानदार ‘कशासाठी हवाय’ असे विचारतो, तिथेच जात जा. घरपोच येणाऱ्या खोक्याला प्रश्न पडत नाहीत.

आणि मग रात्र. आई झोपल्यावर पंखा बंद केला, दिवा मालवला, लॅपटॉप चार्जरला लावून मुद्दाम निर्धास्त बसलो. सुरुवातीला जी लहानशी खरखर येते, ती पूर्वी मी माझ्याच वायरीचा दोष समजून दोन वेळा सोल्डर करून बसलो होतो, हे आता हसत सांगता येते. मग कीबोर्डचे धुकट सूर आणि त्यावर त्यांचा गायक योन्सी याचा तो उंच, लिंग आणि वय दोन्ही न सांगणारा आवाज. मोजक्याच अक्षरांचे तुकडे तो पुन्हा पुन्हा गातो. आपल्याला याचे फारसे नवल वाटू नये, कारण तराण्यात ‘दिर दिर तानोम’ ऐकताना शब्दकोश कोण उघडतो? फरक इतकाच, की तराण्यात अर्थ नसण्याची चपळ मौज असते, आणि इथे कोणीतरी फार जवळचे काहीतरी सांगत आहे व आपल्यालाच ती भाषा येत नाही अशी बोच लागून राहते.

तिसऱ्या रचनेत गाणे नाहीच. एकच सुरावट फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत तिच्याखालची जमीन किंचित वर उचलली जाते. चौथी तर मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्या शेवटी काय होते हे मला ठाऊक आहे असे मला वाटत होते. ती विझली, आणि तिच्यानंतर काहीच नव्हते.

पूर्वी इथे घूं असायचा, त्यामुळे चौथीतून पाचवीत जाताना पायाखाली एक फळी असे. कुरकुरणारी का होईना, पण असे. आता फळी काढून घेतली होती. पहिली काही सेकंदे चौथी रचना डोक्यात आपोआप चालू राहिली, मग तीही थांबली, मग माझा श्वास ऐकू आला, आणि मग मी चक्क घाबरलो. डोळ्यांत पाणी वगैरे आले नाही; हात गार पडले. कोणी तरी उठून गेल्यावर त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे आपण बघत नाही, तसे मी अंधारात स्पीकरांकडे बघणे टाळत होतो. पाचवी रचना सुरू झाली तेव्हा ती इतक्या सावकाश आली की आधी हायसे वाटले, आणि नंतर लक्षात आले की हे हायसे वाटणे हाच सापळा आहे. आता इथून परत अलीकडच्या उजेडात जाता येत नाही. आठव्या रचनेच्या शेवटी ढोल अंगावर कोसळतात ते पूर्वी मला ‘जोरकस’ वाटत असत. या वेळी ती सुटका वाटली. सात महिने मी या अल्बमचा उत्तरार्ध उदास आहे असे लिहीत आलो होतो. ते आज मागे घेतो. तो उदास नाही, तो एकटा आहे, आणि हे मला मधल्या ३६ सेकंदांनी सांगितले.

हा अल्बम ज्या सुंदलौगिन स्टुडिओत घडला, तो मुळात रेक्याविकजवळच्या मोसफेल्सबायर गावातला जुना पोहण्याचा तलाव. त्या जागेची हवा ऐकू येते असे पुष्कळ जण लिहितात आणि मी आजवर मान डोलावत आलो. प्रत्यक्षात मला आजवर माझ्या इमारतीच्या गच्चीची वीजच ऐकू येत होती.

पुढच्या कामांत स्पीकरांच्या बिडाच्या स्टँडचा क्रमांक पहिला होता, पण तो बेत ही नोंद लिहिता लिहिताच पुढे ढकलतो आहे. कारण घूं गेल्यावर आता दुसऱ्या रांगेतला शत्रू ऐकू येतो, तो म्हणजे फ्रिज. शनिवारी नशिबाने तो गप्प होता, रविवारी मात्र बरोबर शांततेच्या मध्यावर कॉम्प्रेसर खाकरला. फ्रिज बंद करणे करारात बसत नाही. म्हणून काल आणि आज घड्याळ लावून बसलो: कॉम्प्रेसर साधारण १८ मिनिटे चालतो आणि २२ मिनिटे थांबतो. शांतता सुरू होते अल्बमच्या २८ व्या मिनिटात. म्हणजे फ्रिज सुरू झाल्याझाल्या पहिली रचना लावली, तर १८ व्या मिनिटाला तो थांबेल आणि ४० व्यापर्यंत बोलणार नाही. फक्त मधे कोणी दार उघडता कामा नये. आईला दूध आधीच बाहेर काढून ठेवायला सांगितले आहे. “तुझ्या त्या गाण्यासाठी दूध नासवू नकोस म्हणजे झालं,” एवढ्या अटीवर ती तयार झाली.

कॉम्प्रेसर आत्ताच थांबला. अजून २२ मिनिटे आहेत.