आधी उतार, मग चढ: गौताळ्याच्या काठावर भटकंती आणि मुक्काम

छत्रपती संभाजीनगरहून कन्नडला जाताना डोंगर चढतोय असं कुठे जाणवतच नाही. साठेक किलोमीटर पठारावरून जायचं, आणि कन्नड ओलांडलं की समोरची जमीन एकदम संपते. खाली खानदेश. अजिंठ्याच्या रांगेचा हा काठ. इकडचं पाणी शिवना-पूर्णेतून गोदावरीला जातं, तिकडचं गिरणेतून तापीला. गौताळा औट्रमघाट अभयारण्य याच काठावर, छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव अशा दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे 260 चौरस किलोमीटर पसरलंय. 1986 साली ते जाहीर झालं.

पुण्या-नाशकाकडच्या किल्ल्यांची सवय असलेल्यांचा हिशेब इथे चुकतो. तिकडे सकाळच्या गारव्यात चढायचं आणि दुपारी उतरायचं. इथे सगळं उलटं. ताज्या पायांनी दरीत उतरायचं, आणि ऊन डोक्यावर असताना, बाटलीत तळाला दोन घोट उरलेले असताना वर यायचं. त्यामुळे बेत आखायचा तो परतीच्या चढावरून. उतरायला एक तास लागला तर चढायला दोन धरा. सोबत लहान मुलं किंवा पन्नाशीपुढची मंडळी असतील तर अडीच. हिवाळ्यात सातला निघालात तर साडेनऊला, जिथे असाल तिथून, मागे फिरा. खालचा धबधबा आणखी दहा मिनिटांवर आहे असं कुणी म्हणालं तरी.

पाण्याचंही तसंच. दरीत उतरणाऱ्या प्रत्येकाकडे तीन लिटर हवं, आणि त्यातलं दोन लिटर चढासाठी राखून ठेवायचं. एका मोठ्या बाटलीत भरलं की नकळत संपतं. एक-एक लिटरच्या तीन बाटल्या घ्या, आणि दोन पिशवीच्या तळाशी घाला म्हणजे हात लगेच जाणार नाही. ओआरएसची पुडी किती पाण्यासाठी आहे ते तिच्यावर छापलेलं असतं. मोठी पुडी बहुतेक एक लिटरची असते. ती पेलाभर पाण्यात ओतून पिणारे बरेच असतात, आणि मग तहान भागायच्या ऐवजी मळमळायला लागतं.

पावसाळ्यात ओसंडून वाहणारे ओढे दिवाळीनंतर भराभर आटतात. कातळात जे काही डोह उरतात त्यांवर जनावरंही येतात आणि माकडंही. ते पाणी प्यायची वेळ आलीच तर आधी सुती फडक्याच्या चार पदरांतून गाळा, मग चांगली उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळू द्या. क्लोरीनची गोळी वापरत असाल तर पाण्यात विरघळल्यावर अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात ती नीट काम करत नाही, म्हणून गाळणं आधी. पण वरच्या अंगाला कापसाची शेतं असतील तर त्या नाल्याचं पाणी उकळूनही पिऊ नका. जंतू मरतात, फवारणीचं औषध राहतं.

या उलट्या रचनेला एक अपवाद आहे, अंतूरचा किल्ला. तो पठारातून पुढे निघालेल्या सोंडेवर आहे. नागापूरकडून गेलं की वाट बरीचशी सपाटीने जाते आणि शेवटी कातळात खोदलेला खंदक किल्ल्याला पठारापासून तोडतो. वाटेवर फारशी लेख कोरलेला निजामशाही काळातला एक चौकोनी दगडी खांब उभा आहे. कुठली वाट कुठे जाते ते त्याच्या बाजूंवर लिहिलेलं. पहिल्यांदाच येत असाल, बरोबर मुलं असतील, तर अंतूरपासूनच सुरुवात करा. पितळखोऱ्याची इसवी सनापूर्वीची लेणी मात्र दरीत आहेत. पायऱ्या आहेत म्हणून तिथे कुणी पाणी घेत नाही, आणि परत येताना त्याच पायऱ्यांवर बसून राहतात.

उताराचा खरा त्रास चढणीसारखा छातीत नाही, गुडघ्यात आणि अंगठ्यात होतो. बूट अर्धा नंबर मोठा हवा, आणि उतरायच्या आधी घोट्याजवळची नाडी पुन्हा आवळायची, म्हणजे पाय पुढे सरकून नखं काळी पडत नाहीत. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ घसरडा असतो हे सगळ्यांना कळतं. हिवाळ्यात कोरड्या कातळावर पसरलेला बारीक मुरूम जास्त फसवतो. सांडलेल्या ज्वारीवर पाय पडावा तसा तो पायाखालून निसटतो. अशा जागी पाय आडवा टाका, पावलं लहान ठेवा, गुडघा ताठ करू नका. गवत वाळलं की कुसळ सुरू होतं. लोकरीचे किंवा जाड विणीचे मोजे असतील तर शंभर पावलांत ते मोज्यांत रुततं आणि चालता चालता आत आत शिरतं. गुळगुळीत कापडाची पँट मोज्यांवरून खाली ओढून घेतली की निम्मा त्रास वाचतो.

आता आग्या मोहोळ. बिबट्याची भीती सगळ्यांना असते, पण या रांगेत खरं सांभाळायचं ते या माश्यांना. कड्यांच्या पोटाला, लेण्यांच्या कपाळपट्टीला त्यांची हातभर रुंद काळी पोळी लटकलेली असतात. आपण वरून उतरत असल्यामुळे पोळं आधी दिसत नाही. ते आपल्या पायांखालच्या कड्यालाच असतं. म्हणून उतरायच्या आधी वळणावरून समोरच्या कड्यावर नजर टाका. खडकाला काळा, किंचित हलणारा डाग दिसला तर त्या बाजूने जायचं नाही. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको, दगड तर अजिबात भिरकावायचा नाही. दोन-चार माश्या डोक्याभोवती घिरट्या घालायला लागल्या की तो इशारा समजा: हात न झटकता, गप्प, आल्या वाटेने मागे सरका. हल्ला झालाच तर डोकं-तोंड उपरण्याने झाका आणि पळा. गाडी किंवा बंद खोली मिळेपर्यंत थांबायचं नाही. कड्याच्या धारेवर असाल तर मात्र पळण्याची दिशा आधी बघा. डोहात उडी मारून उपयोग नाही, माश्या वरच थांबतात. नांग्या चिमटीत धरून उपटत बसू नका, नखाने किंवा एटीएम कार्डाच्या कडेने पटापट खरवडून काढा. अंगात राहतील तितका वेळ विष सोडत राहतात. खूप डंख झाले, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

मुक्कामाचं. अभयारण्याच्या आत परवानगीशिवाय रात्री राहणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे आणि आत आग पेटवणंही. राहायचं तर वनविभागाकडे रीतसर विचारा, नाहीतर हद्दीबाहेर कुणाच्या तरी मालकीच्या रानात तंबू टाका. शेतकऱ्याला दिवसाउजेडी भेटून विचारायचं, अंधार पडल्यावर बॅटऱ्या नाचवत नव्हे. एक गोष्ट आवर्जून मागा: खळ्याची जागा. सपाट, चोपलेली, धसकटं नसलेली. तूर, कापूस किंवा मका काढलेल्या वावरात तंबू टाकला की तिरप्या कापलेल्या धसकटाने तळाचं कापड फाटतंच, आणि रात्री उठलात तर तळवाही. कडब्याच्या गंजीचा आडोसा छान वाटतो, पण तिथे उंदीर असतात आणि उंदरांमागे साप. गंजीपासून वीस पावलं लांब, कड्याच्या धारेपासून निदान शंभर.

तंबूबरोबर येणारे ॲल्युमिनियमचे हुकासारखे खुंटे मुरमात वाकतात. 8 मिलिमीटर सळईचे फूटभर तुकडे लोहाराकडून एका टोकाला वाकवून घ्या, आठ पुरतात. ठोकताना खुंट्याचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं हवं. चार बोटांवर कातळ लागला तर दोरी एका जाड काठीच्या मध्यावर बांधा, काठी आडवी ठेवा आणि तिच्यावर, तंबूच्या बाजूने, दोन मोठे धोंडे रचा. धोंडा उचलताना पलीकडची कड धरून आपल्याकडे कलंडवा, म्हणजे खालून विंचू निघाला तर तो आपल्या पायांकडे नाही, पलीकडे पळतो. उलट, काळ्या मातीत खुंटा लगेच जातो आणि ओल असेल तर तितक्याच सहज निघतो. तिथेही धोंडे लागतात. डिसेंबरच्या रात्री थंडी वाजते म्हणून तंबूच्या जाळ्या बंद केल्या तर पहाटे आतूनच पाणी ठिबकतं. ते दव नसतं, आपल्याच श्वासातली वाफ असते. वरच्या झडपा उघड्या ठेवा आणि अंगाखाली जाड चटई घाला. थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त लागते.

चौघांना दुपारपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, दरीत न्यायचं पाणी धरून, वीस लिटरचा एक जार आणि वर पाच लिटर लागतं. भांडी धुण्यात पाणी घालवायचं नसेल तर घरून धपाटे आणि दशम्या घ्या. धपाट्यात कांदा घातला, की दुसऱ्या दिवशी वास येतो. तीळ, ओवा, लसूण, तिखट एवढ्यावर भागवा. दुधात मळलेली दशमी हिवाळ्यात दोन दिवस सहज टिकते, मात्र पूर्ण गार झाल्याशिवाय फडक्यात बांधायची नाही. बरोबर शेंगदाण्याची चटणी. रात्री काहीतरी गरम हवंच असेल तर लहान कुकरात मुगाची खिचडी. सकाळ-संध्याकाळचा चहा आणि ही खिचडी चौघांना 230 ग्रॅमच्या एका गॅस डब्यात होते. वारा असेल तर स्टोव्हला तीन बाजूंनी आडोसा करा, चौथी उघडी ठेवा. पूर्ण वेढलं तर डबा तापतो, आणि तापलेला डबा फुटतो.

उरलेलं अन्न तंबूत ठेवू नका, गाडीत ठेवा. गौताळ्यात बिबट्या, अस्वल, तरस, रानडुक्कर सगळं आहे. 2021 मध्ये विदर्भातल्या टिपेश्वरहून एक वाघही इथवर चालत आला होता. माणसाच्या दृष्टीने यातलं वाईट ते अस्वल, कारण ते दचकून अंगावर येतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला झाडीत बोलत चाला, म्हणजे ते आधीच बाजूला होतं.

बूट रात्री उलटे करून, तोंडाला मोजे कोंबून ठेवा. सकाळी झटकूनच घाला. कातळाच्या भागात फुरसं असतं, ते लहान दिसतं म्हणून हात लावणारे असतात. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय काठीला बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, उचलून न्या. विंचवाचंही हलक्यात घेऊ नका. लाल विंचू चावून घाम फुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या की विष हृदयापर्यंत पोचतंय असं समजायचं. त्यावर प्राझोसिन हे औषध चालतं हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडकडे काम करून दाखवलं. ते मूळ आपल्या जालना जिल्ह्यातले. ते औषध डॉक्टरच्या हातूनच घ्यायचं. दरीत मोबाइलला रेंज नसते, काठावर बहुधा असते, म्हणून एकाने वर धावत जाऊन 108 ला फोन करायचा आणि बाकीच्यांनी जखमीजवळ थांबायचं, हे उतरायच्या आधीच ठरवून ठेवा.

हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचं. त्यानंतर वणव्याचा हंगाम सुरू होतो, डोह कोरडे पडतात, आणि काठावरच्या वाळल्या गवतात स्टोव्हसुद्धा पेटवू नये. दरीत धूर दिसला तर विझवायला खाली उतरू नका. आग चढावर माणसापेक्षा वेगाने येते. वनविभागाचा 1926 हा क्रमांक लावा आणि जवळच्या गावाचं नाव सांगा.